हवाई साहसकथा आणि भूमिकाखेळ : नायकाच्या अमरत्वाचा प्रश्न

मालिकाकथेचा नायक मरत नाही, हा लोकप्रिय वाङ्मयातील एक अलिखित करार आहे. लेखक व वाचक या दोघांनाही तो ठाऊक असतो. तरीही पान उलटताना वाचकाचा श्वास रोखला जातो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वा काळा पहाड संकटात सापडला की ‘सुटेल का?’ असा प्रश्न वाचकाला पडत नाही, ‘कसा सुटेल?’ असा पडतो. हाच करार वाचकाऐवजी खेळाडूशी करावयाचा झाल्यास त्याचे स्वरूप कसे बदलते, हे अमेरिकन हवाई साहसकथा व त्या परंपरेशी नाते सांगणारे भूमिकाखेळ यांच्या आधारे पाहता येते.

लाकडाच्या लगद्यापासून बनविलेल्या स्वस्त, खरखरीत कागदावर छापली जाणारी कथामासिके अमेरिकेत ‘पल्प’ या नावाने ओळखली जात. मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने न्यूयॉर्क ते पॅरिस हे उड्डाण एकट्याने, वाटेत कोठेही न उतरता पूर्ण केले. त्याच वर्षी ‘एअर स्टोरीज’ हे मासिक निघाले आणि विमानविद्या हा पल्पचा हक्काचा विषय झाला. या परंपरेतील ‘जी-८ अँड हिज बॅटल एसेस’ हे मासिक १९३३ ते १९४४ या काळात चालले. त्याच्या ११० अंकांतील जी-८ च्या सर्व कादंबऱ्या रॉबर्ट जे. होगन या एकाच लेखकाच्या आहेत. जी-८ हा पहिल्या महायुद्धातील अमेरिकन वैमानिक-हेर. त्याचे खरे नाव वाचकाला कधीच कळत नाही. पहिल्याच कादंबरीत त्याची गाठ विषारी श्वास सोडणाऱ्या प्रचंड वटवाघळांशी पडते! प्रत्यक्ष युद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांतील वैमानिक बहुधा हवाई छत्रीविना उडत आणि विमानाने पेट घेतला की त्यांना सुटकेचा मार्ग उरत नसे. त्या भीतीला होगन यांनी राक्षसी रूप दिले, आणि राक्षस म्हटला की तो मारता येतो.

मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो; एक खेळाडू सूत्रधार होऊन उरलेले जग उभे करतो; संशयाच्या जागी निकाल फासे देतात. या प्रकाराचा आरंभ सामान्यतः १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून मानतात. तथापि माइक कार यांचा ‘फाइट इन द स्काइज’ हा पहिल्या महायुद्धावरील विमानयुद्धाचा खेळ १९६८ सालचा आहे. मुळात तो युद्धखेळ. सूत्रधाराची त्याला गरज नाही. परंतु त्यात खेळाडू आपल्या वैमानिकाच्या मोहिमांची व पाडलेल्या विमानांची नोंद ठेवतो, आणि तोच वैमानिक पुढच्या डावात उतरतो. १९८२ मध्ये तो ‘डॉन पेट्रोल’ या नावाने भूमिकाखेळ म्हणून प्रसिद्ध झाला. येथे करार मोडलेला आहे. अनेक मोहिमा तरून गेलेला वैमानिकही एका फाशाने मरतो व खेळाडूला नव्या नावाने कोऱ्या नोंदीपासून आरंभ करावा लागतो. हा खेळ पल्पपेक्षा दैनंदिनीला जवळचा आहे. शेवट ठाऊक नसल्याने तिच्यातील प्रत्येक नोंदीला वजन येते. होगन यांना हे साधणे शक्य नव्हते, कारण पुढचा अंक निघावयाचा होता.

२००६ मध्ये आलेल्या ‘स्पिरिट ऑफ द सेंच्युरी’ या खेळाने नेमकी उलट वाट धरली. त्यातील पात्रे पल्पच्या जगातून आलेली आहेत आणि विमान चालविणे हे त्यात एक स्वतंत्र कौशल्य आहे. पराभव म्हणजे मृत्यू असे येथे समीकरण नाही. हार वेळीच मान्य केली तर ती कशी व्हावी हे हरणाराच सुचवू शकतो. अधिक लक्षणीय आहे ती दैवगुणांची व्यवस्था. समजा, ‘आव्हान नाकारीत नाही’ हा एखाद्या वैमानिकाचा स्वभावविशेष आहे. इंधन संपत आले असता शत्रू त्याला डिवचतो. सूत्रधार एक दैवगुण पुढे करतो : तो स्वीकारला तर पाठलाग करावाच लागतो, नाकारावयाचा तर पदरचा एक गुण मोजावा लागतो. साठविलेला गुण पुढे ऐन संकटात उपयोगी पडतो. जी-८ चे अविचार त्याचा लेखक निस्तरीत असे. येथे खेळाडू अविचाराचा मोबदला आधीच घेऊन ठेवतो. त्यामुळे अमरत्व टिकते, पण ते आता आयते मिळत नाही. भय मात्र निःसंशय उणावते, आणि ही किंमत लहान नव्हे.

याच खेळात पात्र घडविण्याची रीत तर वाङ्मयाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी आहे. आपले पात्र ज्या पल्प कादंबरीचा नायक होते तिचे शीर्षक प्रत्येक खेळाडूने योजावयाचे व कथानक दोनेक वाक्यांत सांगावयाचे. मग इतर दोघा खेळाडूंची पात्रे त्या कादंबरीत पाहुणी म्हणून येतात व राहिलेले तपशील भरतात. अशा रीतीने मेजाभोवती जितके खेळाडू तितक्या कादंबऱ्या तयार होतात. त्यांतील एकही कोणी लिहिलेली नसते, आणि तरी प्रत्येकीचा नायक तिच्या अखेरीस जिवंत असतो. खेळाचा पहिला फासा पडतो तो त्यानंतर.