ट्रिम टॅब : खाली कधी, वर कधी
छोटी बोट, खारं पाणी : भाग ९

मागच्या आठवड्यात आउटबोर्ड इंजिन मागेपुढे कलवून बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कशी वर-खाली करता येते ते पाहिलं. त्यावर आरे कॉलनीतल्या एका वाचकाचं पत्र आलं. त्यांनी आणि त्यांच्या मेहुण्यांनी मिळून एक जुनी चोवीस फुटी स्पीडबोट घेतली आहे. सकाळी गेटवेहून मांडव्याला जाताना बोट छान धावते, पण दुपारी परतताना डावीकडे कलते, लाटांवर दाणदाण आपटते आणि घरची मंडळी घाबरतात. बोटीच्या मागे, पाण्याच्या पातळीला, स्टीलचे दोन पत्रे बसवलेले आहेत आणि विकणाऱ्याने ‘त्यांना हात लावू नका’ असं बजावलं होतं, असंही ते लिहितात.

ते पत्रे म्हणजे ट्रिम टॅब. त्यांना हात लावायलाच हवा, पण कधी ते समजून घेऊन.

आरेतल्या छोटा काश्मीरच्या तळ्यात ज्यांनी पायडल मारून बोट चालवली आहे, त्यांना कलण्याचं कारण सांगायला नको. एका बाजूला वजनदार माणूस बसला की ती बाजू खाली जाते, आणि उपायही सोपा, माणसांनी जागा बदलायची. समुद्रातल्या स्पीडबोटीलाही पहिला उपाय हाच. डिझेल-पेट्रोलची टाकी, बर्फाची पेटी, नांगर आणि माणसं यांचं वजन दोन्ही बाजूंना सारखं बसतंय का ते आधी पाहा. पण स्पीडबोटीला तळ्यातल्या बोटीत नसलेली एक अडचण असते. ती पाण्यातून जात नाही, वेग घेतला की पाण्यावर चढून धावते. या चढण्याच्या टप्प्यावर मागचा भाग खाली दबतो, नाळ आभाळाकडे जाते आणि चालवणाऱ्याला समोरचं पाणीच दिसत नाही. मुंबई बंदरात हे फार धोक्याचं आहे. डोल जाळ्यांचे खुंट, जाळ्यांची बोयरी, पाण्यात अर्धवट बुडालेले ओंडके आणि प्लॅस्टिक, यातलं काहीही पाच मीटरवर असलं तरी उठलेल्या नाळेआड लपतं.

ट्रिम टॅब इथे कामाला येतात. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, ट्रान्समला, खालच्या कडेशी बिजागरीने एकेका बाजूला एकेक पत्रा लावलेला असतो. पत्र्याची मागची कड खाली झुकवली की तळाखालून येणारं पाणी त्यावर आदळून खाली वळतं, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून मागचा भाग वर उचलला जातो. मागचा भाग वर गेला की नाळ खाली येते. दोन्ही पत्रे सारखे खाली केले तर नाळ सरळ खाली येते, एकच केला तर ती बाजू उचलली जाते. पत्र्याची आडवी लांबी ठरवायचा ढोबळ हिशेब असा, की बोटीच्या प्रत्येक फुटामागे प्रत्येक बाजूला साधारण एक इंच. चोवीस फुटी बोटीला दर बाजूला दोन फुटांच्या आसपासचा पत्रा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पत्र्यावर येणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून जेटीजवळ हळू चालताना पत्रा पूर्ण खाली असला तरी बोटीला काही वाटत नाही, आणि तोच पत्रा पूर्ण वेगात बोटभर जास्त खाली राहिला तर नाळ पाण्यात घुसते आणि सुकाणू जड होऊन बोट हवी तशी वळत नाही. पत्रा हलवणारं बटण अर्धा सेकंद दाबायचं, हात काढायचा, बोट काय करते ते काही सेकंद पाहायचं, मग गरज वाटली तर पुन्हा अर्धा सेकंद. नवखे लोक बटण दाबून धरतात, काहीच झालं नाही असं वाटून आणखी दाबतात, आणि मग एकदम सगळा परिणाम अंगावर येतो. पत्रे हलवणारी यंत्रणा हायड्रॉलिक असो की इलेक्ट्रिक, परिणाम दिसायला असा उशीर होतोच.

बटणांचा गोंधळही इथेच सोडवू. बहुतेक बोटींत डाव्या बटणाने उजवीकडचा पत्रा हलतो आणि उजव्याने डावीकडचा. असं का, तर बटण पत्र्याचं नसतं, नाळेचं असतं. डावं बटण पुढे दाबलं की उजवा पत्रा खाली जातो, उजवीकडची मागची बाजू उचलली जाते आणि डावीकडची नाळ खाली बसते. म्हणून पत्रे विसरून जा आणि बोटीची जी बाजू वर आलेली दिसते, त्याच बाजूचं बटण पुढे दाबा. काही जुन्या बोटींत वायरिंग उलटं जोडलेलं सापडतं, तेव्हा आधी जेटीला बांधलेल्या बोटीत एकाला मागे वाकून पाहायला सांगा आणि कोणतं बटण कोणता पत्रा हलवतं ते खात्रीने ठरवून घ्या.

आता पत्रातल्या तक्रारीकडे. थंडीत आणि उन्हाळ्यात सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येतो आणि हलका असतो, म्हणून सकाळची फेरी सुखाची होते. दुपार झाली की वायव्येकडून समुद्रावरचा वारा सुटतो. मांडव्याहून गेटवेकडे येताना तो डाव्या हाताला, समोरून लागतो. वाऱ्याने नाळ उजवीकडे ढकलली जाते, चालवणारा ती सावरायला सुकाणू डावीकडे धरतो, आणि खोल व्ही आकाराच्या तळाची बोट सुकाणू धरलेल्या बाजूला, म्हणजे वाऱ्याकडे, कलते. अशा कलाने तळाचा सपाट भाग लाटेला सामोरा येतो आणि आपटणं वाढतं. इथे डावीकडची बाजू उचलायला हवी. उजवी बाजू वर आली आहे, तेव्हा उजवं बटण पुढे. बोट सरळ झाली की दोन्ही पत्रे थोडे खाली घ्या, म्हणजे नाळेची धार लाट कापेल आणि आपटणं कमी होईल. वेगही थोडा कमी ठेवा, कारण पत्रे लाटेचा मार कमी करतात, संपवत नाहीत.

आणि आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं ते सांगतो. पत्रे खाली करायला लोक लवकर शिकतात, वर घ्यायला शिकत नाहीत. ट्रिम टॅबमुळे होणारं बरंचसं नुकसान ते खाली राहिल्यामुळे होतं. दुपारी याच वाऱ्यात उलटं, गेटवेहून मांडव्याकडे निघालात तर लाटा मागून येतात. अशा वेळी पत्रे खाली असतील तर नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत रुतते, मागची लाट बोटीची मागची बाजू फिरवते आणि बोट लाटांना आडवी होते. आडवी झालेली छोटी बोट उलटायला वेळ लागत नाही. मागून लाटा आल्या की पत्रे पूर्ण वर, नाळ हलकी. हा नियम तांडेल असो की हौशी मालक, दोघांनाही सारखाच लागू आहे. पूर्ण वेगात, शांत पाण्यात आणि तोल बरोबर असताना पत्र्यांची गरज फार थोडी असते, तेव्हाही ते वरच हवेत.

बोट मागे घेताना तर वर असलेच पाहिजेत. मागे जाताना पाणी उलट्या दिशेने पत्र्यावर आदळतं. पत्रा वाकतो, त्याला ढकलणारा दांडा वाकतो, नाही तर बांधायचा दोर किंवा जाळ्याचा तुकडा त्यात अडकतो. पोहून वर चढताना पत्र्यावर पाय ठेवणंही बंद करा. पाण्याचा दाब सोसायला तो बनवलाय, माणसाचं वजन झेलायला नव्हे.

देखभालीतही पहिला नियम तोच आहे. बोट नांगरली की पत्रे पूर्ण वर. मुंबईच्या कोमट, गढूळ पाण्यात बार्नेकल वर्षभर वाढतात, आणि खाली राहिलेल्या पत्र्याचा दांडा म्हणजे त्यांना चिकटायला तयार जागा. दांड्यावर त्यांची कडक कवचं बसली आणि नंतर कोणी बटण दाबून दांडा आत ओढला, की ती सीलवर घासतात. सील फाटलं की हायड्रॉलिकमध्ये तेल बाहेर येतं, इलेक्ट्रिकमध्ये खारं पाणी आत जातं आणि मोटर संपते. दांडा आत असेल तर हे घडत नाही. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने बिजागरीतला गाळ धुवा आणि पत्रे एकदा पूर्ण खाली, एकदा पूर्ण वर करा. एक बाजू दुसरीपेक्षा हळू चालत असेल तर तिकडे काहीतरी सुरू झालं आहे असं समजा.

हायड्रॉलिक टाकीतलं तेल पत्रे पूर्ण वर असतानाच मोजायचं. बऱ्याच बोटींत ते गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल असतं. ते गुलाबीसर, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. ब्रेकचं तेल कधीही घालू नका, सील फुगून खराब होतात. पत्रा आपोआप हळूहळू वर येत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे किंवा गळती आहे. पंप फिरण्याचा आवाज येतो पण पत्रा हलत नाही, तेव्हा आधी तेलाची पातळी पाहा आणि मग व्हॉल्व्हपर्यंत करंट पोचतोय का ते तपासा. इलेक्ट्रिक यंत्रणेत मात्र बराचसा वेळ जोडणीवर जातो. तारेच्या टोकावर हिरवा गंज दिसला की ती कापून नवी जोडा, नुसती घासून भागत नाही.

पत्र्यावर झिंकचा तुकडा लावलेला असेल तर तो झिजण्यासाठीच आहे. अर्धा झिजला की बदला आणि त्याच्यावर रंग मारू नका. रंगाखाली तो काम करत नाही आणि मग झिजणं पत्र्यावर आणि स्क्रूंवर येतं.

मे संपता संपता गेटवे-मांडवा लाँचसेवा थांबते, बहुतेक हौशी बोटीही त्या सुमारास पाण्याबाहेर येतात. क्रेनने उचलताना पट्टे पत्र्यांत अडकणार नाहीत हे स्वतः उभं राहून पाहा. बोट जमिनीवर आली की पत्र्यांचे स्क्रू एकेक करून चाचपा. अनेक जुन्या बोटींच्या ट्रान्समच्या फायबरग्लासच्या आत प्लायवूड असतं, आणि सैल झालेल्या स्क्रूच्या भोकातून पाणी त्यात मुरत जातं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने स्क्रूंभोवती ठोकून ऐका. खणखणीत आवाज आला तर लाकूड चांगलं, बद्द आवाज आला तर ओलं. सैल स्क्रू काढा, भोकं पूर्ण सुकू द्या, बोटींसाठी मिळणारं पॉलियुरेथेन सीलंट भोकात आणि स्क्रूच्या आट्यांवर दोन्हीकडे भरून मग स्क्रू घट्ट करा. आवाज हातभर अंतरापर्यंत बद्द येत असेल तर स्क्रू पुन्हा लावू नका, आधी फायबरग्लासचं काम करणारा कारागीर बोलवा.