वाढतें वय, स्नायू आणि हाडें

दर वर्षीं शाळा उघडली म्हणजे दहावींतील कांहीं विद्यार्थ्यांचे पालक आम्हांस भेटावयास येतात व म्हणतात, "सर, यंदाचें वर्ष महत्त्वाचें आहे, खेळाच्या तासाला याला सूट द्या." मुलींच्या बाबतींत तर ही विनंति आठवीपासूनच येऊं लागते. पालकांची कळकळ आम्ही जाणतों. परंतु वांचविलेल्या त्या तासांत काय गमावलें जातें, याचा विचार व्हावा म्हणून हा लेख.

हाड म्हणजे भिंतींतील दगड नव्हे. तें जिवंत असून रोज झिजतें व रोज नवें घडतें. प्रौढपणीं हाडांत जो खनिजांचा सांठा असतो, त्याचा सुमारें चौथा हिस्सा वयांत येण्याच्या दोन-तीन वर्षांतच भरतो, व १८ ते २० वर्षांपर्यंत जवळजवळ ९० टक्के सांठा पुरा होतो. तिशीनंतर भर थांबते आणि हळूहळू खर्च सुरू होतो. उतारवयांत स्त्रियांच्या बाबतींत तो विशेष वेगानें होतो. पेरणीची वेळ हुकली म्हणजे पुढें कितीही राबलें तरी पीक पुरें येत नाहीं, हें वऱ्हाडांतील कास्तकारास सांगावयास नको.

हा सांठा भरविण्याचें काम स्नायू करवून घेतात. धांवतांना, उडी मारतांना स्नायू हाडांस ओढतात. तो ताण पडला कीं तेथें हाडाचा नवा थर चढतो. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळावयाच्या हाताचें हाड दुसऱ्या हाताहून जाड आढळतें. दोन्ही हातांस अन्न एकच. फरक केवळ कामाचा! वाढीच्या ऐन भरांत उंची आधीं वाढते व हाडाची बळकटी मागून येते, म्हणून या वयांत हात मोडण्याचे प्रसंग अधिक होतात. पण त्या भयानें खेळ बंद करणें म्हणजे ती बळकटी आणखी लांबणीवर टाकणें होय.

अमरावतीकरांस ही गोष्ट नवी नाहीं. येथें वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं जी व्यायामशाळा काढली, तीच श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नांवारूपास आली. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं तिच्या पथकानें आपले देशी खेळ जगास दाखविले. कबड्डी, मल्लखांब व दोरीवरच्या उड्या यांस खर्च थोडा, पण त्यांत सर्व शरीराचा भार हाडांस पेलावा लागतो.

अन्नाकडेही पाहिलें पाहिजे. १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींस दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवें, असें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०२० सालीं ठरविलें. आपल्या ज्वारींत तें १०० ग्रॅमला ३० मिलिग्रॅमहूनही कमी असतें. म्हणून भाकरीबरोबर दूध किंवा दहीं, तिळाची चटणी, पालेभाजी व स्नायूंसाठीं घट्ट वरण हवेंच. हें कॅल्शियम अंगीं लागण्यास लागणारें ड जीवनसत्त्व त्वचेंत उन्हानें तयार होतें. अकोल्यास उन्हाचा तोटा नाहीं. पण सकाळीं शिकवणी, दिवसां वर्ग व सायंकाळीं पुन्हां शिकवणी, अशा मुलास तें मिळणार कधीं? अगदीं कोवळ्या उन्हानें हें काम फारसें होत नाहीं. मधल्या सुटींत मुलांनीं मैदानावर यावें. उन्हाळ्यांत मात्र भर दुपार टाळावी.

पालकहो, परीक्षेचा निकाल कांहीं महिन्यांत लागतो. हाडांचा निकाल साठाव्या वर्षीं लागतो, आणि त्या परीक्षेस पुन्हां बसतां येत नाहीं. म्हणून रोजचा एक तास मुलांस, आणि मुलींसही, खेळूं द्या.