तेर पाहायला जाताय? आधी संग्रहालय, मग देवळं आणि शेवटी पांढरीची टेकाडं

तेर (ता. धाराशिव) : तेरला आपल्याकडची माणसं जातात ती संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला. दर्शन झालं, प्रसाद घेतला की गाडी परत फिरते. पण तेरणाकाठचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाराचं मोठं शहर होतं. अर्धा दिवस हाताशी ठेवला तर ते बघता येतं.

या शहराचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाते, असं म्हटलंय. पुढं शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तरीही हे तगर नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत बरेच दिवस वाद होता. ते म्हणजे आपलं तेर, हे १९०१ साली फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने मांडलं. १९५८ साली इथं उत्खननही झालं.

सुरुवात कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयापासून करा. लामतुरे तेरचेच. गावात, शेतात सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या, त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी बघायला मिळतात. तेरला सापडलेली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे, कारण तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात मिळाली. रोमन नाण्यांची नक्कल करून केलेल्या मातीच्या चकत्याही इथं निघाल्यात. सुट्टीचा दिवस कोणता, ते निघण्याआधी विचारून घ्या.

तिथून त्रिविक्रम मंदिर. हे विटांचं आहे. आत दर्शन घेऊन लगेच निघू नका, मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. मागची भिंत चौकोनी नाही, अर्धगोल आहे आणि वरचं छत हत्तीच्या पाठीसारखं. बौद्ध चैत्यगृहाची घडण अशीच असते, म्हणून मूळचं हे चैत्य असावं असं बरेच अभ्यासक मानतात. दगडात कोरलेली चैत्यगृहं आपल्याकडं पुष्कळ आहेत. विटांनी बांधलेलं आणि अजून उभं असलेलं असं बांधकाम देशात फार थोड्या ठिकाणी आहे. दुसरं उत्तरेश्वर मंदिर, तेही विटांचं. त्याच्या दाराची कोरीव लाकडी चौकट प्रसिद्ध आहे.

मग गोरोबाकाकांची समाधी. काका नामदेवांच्या काळातले, जातीने कुंभार. जिथल्या मातीत हजारो वर्षांची खापरं सापडतात, तिथंच संतांची मडकी थापटून पाहणारा कुंभार झाला.

शेवटी गावाभोवतीची टेकाडं. हीच खरी तगरची जागा. जुन्या वस्तीची घरं पडून, राख-शेण साचून, त्यावर परत घरं बांधून ही पांढरी उंच झालीय. माळवदावर टाकायला किंवा शेतात खत म्हणून पांढरीची माती उकरून न्यायची आपल्याकडं जुनी रीत. नुकसान होतं ते इथंच. विहीर खांदताना आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक लागतो, तसे पांढरीतही थर असतात. कुठला मणी कुठल्या थरात होता, यावरून त्याचा काळ ठरतो. जेसीबीने एक ट्रॉली भरली की थर मिसळले. मणी हातात राहतो, पण तो कधीचा हे कुणालाच सांगता येत नाही.

त्यामुळं फिरायला गेलात तर टेकाडावरचं खापर खिशात घालू नका. आपल्या रानात नांगराला काही लागलं तर जागा आणि खोली लिहून ठेवा, फोटो काढा, तलाठ्याला किंवा संग्रहालयाला कळवा. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. जुन्या वस्तू विनापरवाना विकण्याचा धंदा करणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. घेणारा दारात येतो, शे-पाचशे हातावर ठेवतो आणि वस्तू नेतो. तीच वस्तू संग्रहालयात गेली तर आपली पोरंही तिथं जाऊन बघू शकतील.