सॉफ्टवेअर मोफत, पण सर्व्हरचे भाडे किती? ग्रंथालयांसाठी समजून घ्या गणित

यवतमाळ : वणी, पुसद किंवा दारव्ह्यातील एखाद्या ग्रंथालयाला पुस्तकांची यादी ऑनलाइन करायची असेल, तर 'कोहा' हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर मोफत मिळते. जानेवारी २००० मध्ये न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात ते पहिल्यांदा सुरू झाले. मात्र ते चोवीस तास चालण्यासाठी सर्व्हर लागतो आणि त्याचे भाडे दरमहा भरावे लागते.

खर्च किती?
'डिजिटलओशन'च्या २ जीबी रॅमच्या साध्या सर्व्हरचा दर महिना १२ डॉलर आहे. लहान ग्रंथालयाचे काम त्यावर सुरू होऊ शकते. डॉलर ८५ रुपये धरल्यास १८ टक्के जीएसटीसह सुमारे १,२०० रुपये होतात. साप्ताहिक बॅकअपचे २० टक्के वेगळे, म्हणजे आणखी २४० रुपये. वर्षाचा खर्च १७,३०० रुपयांच्या आसपास. दर बदलू शकतात.

बॅकअपचे पैसे वाचवावेत का?
नाही. सर्व्हर बिघडला तर दाखल नोंदवहीतील हजारो नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागतील. बिल थकून खातेच बंद झाले, तर तिथला बॅकअपही जाऊ शकतो.

हे लक्षात ठेवा
• दर आठवड्याला एक प्रत ग्रंथालयातील हार्ड डिस्कवर उतरवा.
• ती प्रत उघडते का, हे अधूनमधून तपासा.
• खाते ग्रंथालयाच्या ईमेलवर काढा. मदत करणारा तरुण पुण्याला गेला, तरी पासवर्ड इथेच राहायला हवा.