बुरूज किती, ते मुलांनीच मोजावे

सिंधुदुर्गाला बुरूज किती? कुणी 42 सांगतो, कुणी 52. दोन्ही आकडे छापील पुस्तकांत सापडतात. एकाने लिहिले, दुसऱ्याने ते उतरवून घेतले, की आकडा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो. मालवणच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. पावसाळा सरून होड्या सुरू झाल्या की त्यांना किल्ल्याच्या कुरटे बेटावर उतरून, तटावर चढून स्वतः मोजता येते. ढासळलेला बुरूज धरायचा की नाही, यावर त्यांच्यात भांडण होईल. ते व्हायलाच हवे, कारण आकडे कुठे फुटतात हे तिथेच कळते.

बालभारतीच्या सातवीच्या इतिहासात भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांचा पाठ आहे. मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात. त्यातला खरा प्रश्न मात्र सोपा आहे: सांगणाऱ्याला हे कसे कळले? तो तिथे हजर होता, की त्याने कुणाकडून ऐकले?

शिवराज्याभिषेकाचे उदाहरण घेऊ. 6 जून 1674 रोजी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता. सिंहासनाजवळच्या भाल्यांवर सोन्याची मत्स्यमुखे आणि तराजू होता, असे त्याने टिपून ठेवले. दारापाशी दोन लहान हत्ती पाहून तो चक्रावला. इतक्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे? असा प्रश्न तो गड स्वतः चढून आलेल्यालाच पडतो.

कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर पुढे सुमारे वीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली. सिंहासनाला 32 मण सोने लागले, असे तो सांगतो. ऑक्झिंडनला परक्या विधींचा अर्थ उमगणे कठीण होते. सभासद त्याच राज्यातला, त्याला तो ठाऊक होता. पण मधल्या वर्षांत आठवणीवर काय चढले आणि त्यातून काय गळले? मल्हार रामराव चिटणिसांची बखर तर 19व्या शतकाच्या आरंभीची. तिन्ही वर्णने शेजारी ठेवून वाचली, की डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही सगळे दिसत नाही आणि उशिरा लिहिणाराही खोटाच असतो असे नाही, हे मुले स्वतः ताडतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मोल देत, तेही तारखा आणि तपशील असेच ताडून पाहून.

पाहिलेले आणि ऐकलेले असे ताडून पाहण्यासाठी मालवणकडे अलीकडचाही एक प्रसंग आहे. राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनी, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. त्या दिवशी वारा कसा होता, समुद्र कसा होता, हे किनाऱ्यावरच्या माणसाने पाहिले. बाकीच्यांनी ते मोबाइलवर पाहिले, बातम्यांत वाचले, मग गजालींत पुन्हा सांगितले. मुलांना वाईट वाटलेली, आठवणारी ही घटना आहे, म्हणूनच तिच्यातला पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्यामधला फरक त्यांना झटकन समजेल.

शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांच्या हातात एकेक वही द्यावी. त्या दिवशी जे किनाऱ्यावर होते, ते लोक आजही गावात आहेत. मुलांनी त्यांच्याकडे जावे. ते कुठे उभे होते, काय दिसले, काय नुसते ऐकले, हे वेगवेगळ्या रकान्यांत उतरवून घ्यावे. पानाच्या वर तारीख घालावी आणि लिहिणाऱ्या मुलाचे नावही.