बालीतला पाडवा

बँकेत चौतीस वर्षे काढली. त्यातले किती पाडवे घरी साजरे केले, असे कुणी विचारले तर एका हाताची बोटे पुरतील. मार्चअखेर आणि पाडवा हे सख्खे शेजारी. इकडे ही एकटीने गुढी उभारायची, तिकडे मी लेजरमधला साडेसात रुपयांचा फरक शोधत बसायचो.

निवृत्तीनंतर फोटोंचे वेड लागले आणि २०२३च्या मार्चमध्ये आम्ही दोघे छायाचित्रणाच्या एका सहलीबरोबर बालीला गेलो. मंडळी बारा, कॅमेरे चौदा. कॅमेऱ्यावाचून एकटी आमची ही.

इंडोनेशियाच्या या बेटावर बहुसंख्य लोक हिंदू. त्यांचे वर्ष शकाचे आणि नववर्षाचा दिवस न्येपी. त्या वर्षी न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले होते. शकही तोच, १९४५. दर वर्षी असे जुळते असे नाही.

न्येपीच्या आधी ‘मेलास्ती’ होते. पांढऱ्या कपड्यांतली गावेच्या गावे देवांना छत्र्यांखाली घेऊन, वाजतगाजत समुद्रावर येतात. आमच्या मार्गदर्शकाने बजावले होते : लुंगीसारखे सारोंग नेसा, कमरेला शेला बांधा, प्रार्थना करणाऱ्यांच्या समोर जाऊ नका, पुजाऱ्यापेक्षा उंच उभे राहू नका. सानूरच्या किनाऱ्यावर हात जोडून बसलेली एक म्हातारी दिसली आणि मी सगळे विसरून कठड्यावर चढलो. हिने बाही ओढली. “अहो, उतरा खाली. आपल्या देवघरात कुणी असं स्टुलावर चढलं असतं, तर चाललं असतं का तुम्हाला?” उतरलो. फोटो हुकला.

आदल्या संध्याकाळी उबुदमध्ये ‘ओगो-ओगो’ची मिरवणूक पाहिली. बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस पोरे खांद्यावर नाचवतात आणि चौकात गरगर फिरवतात. भुतांनी वाट चुकावी म्हणून. त्या एका रात्रीत मी सहाशे फोटो काढले.

सकाळी सहाला बेट गप्प झाले, ते पुढच्या सहापर्यंत. दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, मोबाइलचे इंटरनेट बंद. चौकड्याचे वस्त्र नेसलेले ‘पेचालांग’, म्हणजे गावचे राखणदार, तेवढे रस्त्यावर. पाहुण्यांनीही आवारातच राहायचे. “कॅमेरे बॅगेत,” मार्गदर्शक म्हणाला, “आज आपली एकादशी.”

मी मनातून चरफडत होतो. दिवसाला इतके पैसे भरून गप्प बसायचे? अंघोळ करून आलो, तर हिने माझा ट्रायपॉड खोलीच्या कोपऱ्यात उभा केलेला. त्याला खणाचा तुकडा, साखरेची गाठी, वर पालथे फुलपात्र. हे सगळे ती पुण्याहून घेऊन आली होती, मला न सांगता. मी सवयीने बॅगेकडे हात नेला. “राहू दे,” ती म्हणाली, “नमस्कार करा आधी.”

रात्री अंगणात बसलो. चंद्र नव्हताच, दिवाही नव्हता. इतक्या चांदण्या मी लहानपणी आजोळी पाहिल्या होत्या. बऱ्याच वेळाने ही हळूच म्हणाली, “चौतीस वर्षांनी पाडव्याला घरी सापडलात!” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला काही उत्तर सुचेना.

परत आल्यावर फोटो मोजले. साडेअकराशे भरले. राक्षस, छत्र्या, लाटा, अनोळखी चेहरे. हिचा एकही नाही. ताळा पुन्हा पुन्हा पाहिला. फरक या वेळी साडेसात रुपयांचा नव्हता.

तुमच्यापैकी कुणी अशा सहलीला निघणार असेल, तर मोठी लेन्स न्या, जादा बॅटऱ्या न्या. बरोबर येणाऱ्या माणसाने बॅगेत काय ठेवले आहे, तेही निघण्यापूर्वी एकदा विचारा.