तंबू ठोकायचा, पण कुठे?

मे महिना लागला की आमच्या संगमनेरला दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गच्चीवरची टाकी तापते, नळाला गरम पाणी येतं आणि मुलं ‘आई, कुठेतरी जाऊ या ना’ म्हणून डोकं खातात. पूर्वी याला एकच उत्तर होतं, मामाचा गाव. आता मामाच पुण्यात दोन खोल्यांत राहतो. महाबळेश्वरचे मे महिन्यातले भाव ऐकले की घरात बसूनच गार वाटतं! त्यामुळे हल्ली आपल्यासारख्या गावांतही एक नवी टूम निघाली आहे. दोन-तीन तासांच्या अंतरावर धरणाकाठी किंवा डोंगरात जायचं, एक रात्र तंबूत काढायची, दुसऱ्या दिवशी परत. मुलं याला ‘कॅम्पिंग’ म्हणतात. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे पालात झोपायचं आणि वर पैसे द्यायचे?”

तर २०२४च्या मे महिन्यात आमच्या भिशीच्या आठजणींनी ठरवलं, की या वेळी आपणच जायचं. नवरे नाहीत, दीर नाहीत, फक्त आपण. सगळ्यात लहान माझी तेरा वर्षांची भाची आणि सगळ्यात मोठ्या सासूबाई, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. जाणार कुठे, हे ठरायला मात्र पंधरा दिवस लागले. आणि मैत्रिणींनो, त्या पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं, की जागा चुकीची निवडली तर सहल रद्द होत नाही, एकेक बाई गळत जाते. ‘संडास लांब आहे’ म्हटलं की सासूबाई म्हणणार, तुम्ही जा, मी घर सांभाळते. ‘तिथे पुरुषांचे ग्रुप असतात’ म्हटलं की भाचीची आई नाही म्हणणार. शेवटी उरतात त्या ज्यांना कशाचीच अडचण नाही. अशा बायका आमच्या भिशीत तरी दोनच आहेत.

पहिलं नाव निघालं पवना धरणाचं. मोबाइलवर तिथले फोटो फार गोड दिसतात. पाण्याच्या कडेला रंगीत तंबू, दिव्यांच्या माळा, मागे डोंगर. पण संगमनेरहून पुणं गाठून पुढे मावळात जायचं म्हणजे चार-पाच तास. शिवाय माझी चुलतबहीण त्या भागातल्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) सुट्टीच्या शनिवारी राहून आली होती. चाळीस माणसांना दोन संडास आणि पहाटे दोनपर्यंत स्पीकर. ती म्हणाली, “निसर्ग होता गं, पण तो ऐकू येत नव्हता.” दुसरं नाव माळशेज घाट. तो पावसाळ्यात बघावा. मे महिन्यात तिथले डोंगर करपलेले असतात, धबधब्यांच्या जागी काळे ओघळ. इगतपुरीकडच्या चकचकीत जागांचे भाव ऐकून ते पान आम्ही लगेच उलटलं.

मग घराजवळचंच आठवलं. भंडारदरा! अकोले, राजूर करत शेंडीला पोचायला आम्हाला दोन तास. प्रवरेवरचं हे जुनं धरण १९२६ साली पुरं झालं आणि आमच्याकडच्या उसाला त्यावरच पाणी मिळालं. जलाशयाच्या काठाने रतनवाडीला गेलं की अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, आणि बारी गावावर उभं १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. वर मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे. इतकं जवळ असून आमच्यातल्या पाचजणींनी ते शाळेच्या सहलीनंतर पाहिलं नव्हतं.

गाव ठरलं, पण जागा? काठावर तंबूवाले रग्गड. कोणाच्या शेतात, कोणाच्या परसात. मी वही घेऊन फोन करायला बसले. पहिला प्रश्न व्ह्यूचा नाही, संडासाचा. किती माणसांना किती? आतून कडी लागते का? दिवा आहे का? तंबूपासून किती पावलं? एकाने ‘ताई, नेचरमध्ये आलोय ना आपण’ असं उत्तर दिलं. त्याचं नाव तिथेच खोडलं. एक मुलगा मात्र गुणी निघाला. ‘व्हिडिओ कॉल लावून आत्ताच्या आत्ता संडास दाखव’ म्हटल्यावर जरा हसला, पण बादली, मग, कडी, सगळं दाखवून आला. तुम्हीही असाच कॉल लावा. तो न लावणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नका. दुसऱ्याचे फोटो टाकून बुकिंगचे पैसे उकळणारेही असतात.

दुसरा प्रश्न, रात्री तिथे घरातली बाई असते का? हा प्रश्न मला फार उपयोगी पडला. ‘आमचा स्टाफ असतो’ हे त्याचं उत्तर नव्हे. जिथे मालकाचं घरच शेजारी आहे आणि त्याची बायको स्वयंपाक करते, तिथे रात्री भाचीला पाळी आली तरी कोणाला उठवायचं, हा प्रश्न उरत नाही. तिसरा प्रश्न जागेचा. जमीन तुमची स्वतःची की धरणाची, की वनखात्याची? हा सगळा पट्टा कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. दुसऱ्याच्या जागेवर ठोकलेला तंबू रात्री अकराला उठवायला लावला, तर बायकांनी सामान घेऊन कुठे जायचं?

एवढं करून तीन जागा उरल्या. मग मी आणि माझी जाऊ एसटीने जाऊन बघूनच आलो. मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, मग आळस कशाला? फोनवर दोन तास बोलून कळत नाही ते जागेवर दहा मिनिटांत कळतं. पहिली जागा अगदी पाण्याला खेटून होती. दिसायला सुरेख. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघाभर आत. दुसरीकडे सावलीच नव्हती. मे महिन्यात सकाळी सात वाजताच तंबूची भट्टी होते, हे लक्षात ठेवा. पूर्वेला झाडी किंवा डोंगर असला तर तासभर जास्त झोप मिळते.

तिसरी जागा पाण्यापासून बरीच वर, एका महादेव कोळी कुटुंबाच्या घराला लागून होती. अंगणात पाच तंबू, पक्क्या भिंतींचं घर, ओसरी, ओसरीवर बाज. बाज बघितली आणि सासूबाईंचा प्रश्न सुटला. गुडघेदुखीच्या बाईला तंबूतून वाकून निघणं आणि जमिनीवरून उठणं ही शिक्षाच असते. संडास दोन, भारतीय पद्धतीचे. त्यासाठी आम्ही मेडिकलच्या दुकानातून कमोडची घडीची खुर्ची नेली. नेताना सगळ्या हसल्या, तिथे चौघींनी वापरली.

त्या घरच्या मावशींनी पाणी दिलं. मी सवयीने तोंड धुवायला तांब्या मागितला, तेव्हा जावेने मला कोपराने ढोसलं. ओसरीच्या कोपऱ्यात हंडे ओळीने झाकून ठेवलेले. मावशी म्हणाल्या, “घ्या की बाई. वापरायचं पानी मोटरनं येतं. प्यायाचं तेवढं विहिरीवरनं आनावं लागतं. मे महिन्यात तिचा बी तळ दिसतो.” समोर एवढा मोठा जलाशय चमकत होता! ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. ती कोणाच्या घरात राहते ते त्या दिवशी पाहिलं. पाहुणे आले की मावशींच्या विहिरीच्या खेपा दुप्पट होतात. शहरातले लोक पिण्याच्या पाण्याने पाय धुतात, तेही त्यांनी हसत सांगितलं.

आम्ही जागा तीच धरली. फक्त येताना वीस-वीस लिटरचे तीन जार जीपमध्ये घालून न्यायचं ठरलं. आठजणींना उन्हाळ्यात दीड दिवस प्यायला तेवढं पुरतं. तुम्ही कुठेही जा, मैत्रिणींनो, पाणी कुठून येतं आणि ते कोण वाहून आणतं, हे एकदा विचारा.

तारीख काढली कालनिर्णय बघून. काजवे बघायचे तर काळोख हवा, म्हणून ६ जूनच्या अमावास्येच्या जवळची, आणि शनिवार-रविवार नको, म्हणून सोमवार ३ जून. शनिवारी काजव्यांच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि दिव्यांच्या झोतात काजवे दिसणार कसे? बिचारे चमकतात ते जोडीदाराला खूण द्यायला. आपण बॅटऱ्या मारल्या की त्यांची ती खूणच पुसली जाते. दुसरा एक फायदा शिक्षिका मैत्रिणीने काढला. ४ जूनला लोकसभेची मतमोजणी. घरचे पुरुष दिवसभर टीव्हीसमोरून उठणार नाहीत, आपण नाही हे त्यांना संध्याकाळी कळेल!

सगळं जुळलं आणि २३ मे उजाडला. आदल्या दिवशी आमच्याच प्रवरेत, अकोल्याजवळ सुगावला दोन तरुण बुडाले होते. त्यांना शोधायला आलेल्या राज्य आपत्ती दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. पोहण्यात तरबेज माणसं. त्या संध्याकाळी आमच्या आठही घरांत एकच वाक्य ऐकू आलं, कुठे जाऊ नका. त्याला उत्तर काय देणार? ‘काही होत नाही’ म्हणणं शहाणपणाचं नव्हतं. मी वही घेऊन दोन घरी गेले. आपली जागा पाण्यापासून किती वर आहे ते सांगितलं. पाण्यात कोणी पाऊल टाकणार नाही, बोटीत बसणार नाही, हे ठरवून सांगितलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचं इंजेक्शन आहे का ते विचारून ठेवलं होतं, तेही. एका घरी ऐकलं. दुसऱ्या घरी सासू ‘नाही’ म्हणाली ती म्हणालीच. आमची ती मैत्रीण आली नाही. तिने सगळ्यांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र बांधून दिली.

(पुढे ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. तेव्हा तिच्या सासूबाईंनी मला मुद्दाम फोन केला. मी वाद घातला नाही.)

आम्ही सातजणी गेलो. संध्याकाळी पाचलाच वारा सुटला, आकाश काळं झालं, एक तंबू खुंट्यांसकट उपटून बाभळीला जाऊन अडकला. वळवाचा पाऊस असाच येतो, म्हणून तर पक्कं छप्पर हवं. विजा चमकू लागल्यावर तंबूत किंवा झाडाखाली थांबायचं नाही, घरात नाहीतर काचा लावून गाडीत बसायचं. आम्ही सगळ्या ओसरीवरून आत गेलो. मावशींनी चुलीवर नाचणीच्या भाकरी टाकल्या, कुळथाचं पिठलं, ठेचा. भाची परातीत पीठ घेऊन त्यांच्याशेजारी बसली. घरी ती स्वतःचं ताट उचलत नाही, हे सांगायलाच हवं.

पाऊस तासाभरात गेला आणि आठनंतर काजवे आले. घरामागच्या हिरड्याच्या झाडावर आधी पाच-पंचवीस, मग मोजता येईनात. अख्खं झाड एका लयीत उजळायचं आणि विझायचं. आम्ही मोबाइल आत ठेवले होते. सासूबाई बाजेवर बसून बघत होत्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “लग्नाआधी माहेरी परसात यायचे एवढे. नंतर रात्रीचं बाहेर यायला कोणाला सवड होती?” माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण त्यांच्या माहेरचं परस मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

जायचं असेल तर थोडं सांगते. वनखात्याचे काजव्यांच्या दिवसांतले प्रवेशाचे नियम आणि वेळा आधी विचारून घ्या. पाऊस दर वर्षी वेळ पाळतोच असं नाही. २०२५मध्ये तो २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला, तेव्हा हवामानाचा अंदाज आदल्या दिवशी बघाच. चपला तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. वापरलेली पॅड कागदात बांधून परत आणा, तिथे कचऱ्याची गाडी येत नाही. रेंज कुठे मिळते ती जागा उजेडात हेरून ठेवा, म्हणजे वेळ आलीच तर ११२ किंवा १०८ लावता येईल. ड्रायव्हर ओळखीचा घ्या आणि घाटातला परतीचा प्रवास दिवसाच करा.

खर्च म्हणाल तर दोन जेवणं, नाश्ता आणि राहणं मिळून माणशी सातशे. जीपचे साडेचार हजार सातजणींत वाटले. माणशी चौदाशेच्या आत सगळं बसलं. भिशीत प्रत्येकीने आधी हजार-हजार जमा केले होते. जी आली नाही तिचे हजार परत द्यायला मी गेले, तर ती भांडी घासत होती. हात न पुसताच म्हणाली, “ठेव गं तुझ्याकडे. पुढच्या मेमध्ये धर.”